भिंतीचा तडा

परांचीवर उभी राहून मोनिका भिंतीवर छिन्नी मारत होती. वसईतल्या याच ख्रिस्ती देवळात तिचा बाप्तिस्मा झाला होता आणि आता इंजिनियर म्हणून निकालही तिलाच द्यायचा होता. पोर्तुगीज काळातल्या दर्शनी भिंतीला तडा गेला होता. तो दगडापर्यंत पोचला असेल, तर देऊळ पाडावं लागणार होतं.

खाली अंगणात फादरांसह सारं गाव माना वर करून उभं होतं. 'ही देऊळ पाडायला आली,' म्हणून सख्खी रेजिन मावशी आठवडाभर तिच्याशी बोलली नव्हती.

नंतरच्या काळात वरून लावलेल्या सिमेंटचा मोठा पोपडा सुटून पडला. मोनिकाने आतला दगड पुसला, सांधे चाचपले. चुना घट्ट होता, दगड अखंड होता. तिने आणखी दोन ठिकाणी खरवडून पाहिलं आणि ती परांचीच्या कडेशी येऊन खाली वाकली.

"फादर, भिंत शाबूत आहे! वरचं सिमेंट तेवढं तडकलंय."

खाली एकच गलका झाला. "म्हणजे माझी मयत इथूनच निघणार ना गं?" रेजिन मावशीने ओरडून विचारलं.

"इथूनच, मावशी!"

"मग मला काही घाई नाही," मावशी म्हणाली. "तू उतर खाली. जेवायला माझ्याकडेच यायचं."