पत्त्याची तपासणी

सालेकसाच्या जंगलपट्ट्यातल्या गावात मोटारसायकलवरून आलेल्या माणसाने दुर्पताबाईंसमोर फोटो धरला. "मावशी, दुर्गेशचं घर हेच? जर्मनीत त्याला प्रोग्रामरची नोकरी मिळतेय. कंपनीने पत्ता तपासायला सांगितलंय." फोटोतला मुलगा त्यांचाच होता. सहा महिन्यांपासून तो तिकडे काम शोधत होता. पण पूर्वी असंच नोकरीचं सांगत दोघे आले होते. गावाने त्यांना इथल्याच झामसिंगचं घर दाखवलं आणि झामसिंग पुन्हा दिसला नाही. दुर्पताबाई म्हणाल्या, "आमी नाई ओरखत याले. तू काऊन विचारून राहिला?" पानठेल्यावर, शाळेत, ग्रामपंचायतीत त्याला हेच उत्तर मिळालं. 'उमेदवार या पत्त्यावर राहत नाही' असं कागदावर लिहून तो निघून गेला. संध्याकाळी दुर्गेशचा फोन आला. "माय, माह्याबद्दल विचारायले कोणी आलं होतं का?" "आला होता एक फोटो घेऊन. बिनघोर राह्य. अख्ख्या गावानं तुले ओरखलं नाई."