दुसरी हाक

"असं नाई मावशी. हारली तू," धनराज म्हणाला.

गुणाबाईने आपली पिवळी सोंगटी लाल सोंगटीला चिकटवून ठेवली होती. "हारू दे," ती म्हणाली.

भर दुपार होती. आरमोरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या त्या गावात एप्रिलच्या उन्हात कुत्रंही हलत नव्हतं. अंगणात सकाळी वेचलेली मोहफुलं वाळत पडली होती. ओट्यावर दोघांच्या मध्ये धनराजचा खेळ मांडला होता आणि कुंपणापलीकडे लगेच मोहाची झाडं सुरू होत होती.

धनराज खेळ बनवायचा. मोबाइलवरचे नाहीत, पट, फासे, पत्ते, सोंगट्या असे हाताने मांडायचे. चौतीस वर्षांचा धडधाकट माणूस सोंगट्या कोरत बसतो, याचं गावाला अजून हसू येई. पण त्याचा 'मोहफूल' पुण्या-बंगळूरची माणसं मागवून घेत. चार बाया पहाटे जंगलात जातात, फुलं वेचतात आणि वाघाला चुकवून परत येतात. एक जरी मागे राहिली तरी चौघी हरल्या. नऊ वर्षं तो या एका पटाला चिकटून होता. आता पुरे झालं होतं. एका प्रकाशकाने खेळ छापायला घेतला होता आणि नियमांची शेवटची प्रत उद्या पाठवायची होती. पिशवीत नवी कोरी वही होती. तळ्यावरच्या मासेमारीचा खेळ, मुलांसाठी चित्रांचं पुस्तक, काय काय डोक्यात होतं. फक्त हा खेळ एकदाचा हातातून सुटायला हवा होता.

सुटत नव्हता, कारण लाल सोंगटी ही त्याची आई होती, मनकर्णा. तो अकरा वर्षांचा असताना ती मोहफुलं वेचायला गेली आणि वाघाने तिला नेलं. त्या सकाळी तिच्यासोबत गुणाबाई होती. म्हणून शेवटचा डाव गुणाबाईशी खेळायचा आणि तिने 'बरा आहे' म्हटलं की सोडायचा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. इतकी वर्षं ती पटाकडे बघायलाही तयार नव्हती. आज कशी कोण जाणे, बसली. आणि बसून ही असली खेळी केली.

"मावशी, नियम तं तुमच्या बायायचाच हाय," तो म्हणाला. "तूच तं सांगतला होता मले."

नियम गावातल्या पोरासोरांनाही पाठ होता. जंगलात एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर दुसऱ्यांदा हाक मारेल. माणूस नसेल तर एकदाच मारेल. म्हणून पटावर 'पहिली हाक'चा पत्ता निघाला की तोंड मिटून फुलं वेचत राहायचं, ओ देणारा, म्हणजे हाकेकडे सोंगटी सरकवणारा, बाद. 'दुसरी हाक' निघाली की मात्र असाल तिथून उठायचं आणि हाकेकडे जायचं. लोक याच नियमावर फिदा होते.

आत्ता उलटलेला पत्ता पहिल्या हाकेचा होता आणि हाक लाल सोंगटीची होती.

"तुया मायनं एकच हाक मारली होती," गुणाबाई म्हणाली.

धनराजचा हात पत्त्यावरच राहिला. "तू तं म्हणत होती, काहीच आयकू नाई आलं."

"सगळ्यायले तेच सांगतलं. फॉरेस्टवाल्यायले बी." ती लाल सोंगटीकडे बघत होती. "'गुणे' म्हणून हाक आली. मी दुसरीची वाट पाहत फुलं वेचत राहिली. टोपली भरली बाबू, दुसरी आलीच नाई. वाघानं धरलेलं माणूस दोनदा हाक मारते काय?"

धनराजला गलबलून आलं. रागही आला, पण नेमका कुणाचा ते कळेना. नऊ वर्षं अनोळखी माणसं त्याच्या आईची हाक ऐकून गप्प बसत होती, जिंकत होती, आणि तो हसून त्यांना शाबासकी देत होता. त्याने नियमांची प्रत आणि पेन काढलं. पहिल्या हाकेचा नियम आडव्या रेघेने खोडला आणि वर लिहिलं, 'लगेच ओ द्यावी.' दुसऱ्या हाकेचा नियम तेवढा तसाच ठेवला.

"आता पहिल्याच हाकेले ओ द्यायची, मावशी," तो म्हणाला. "झालं. सुटला खेळ."

त्याने प्रत पिशवीत टाकली आणि कोरी वही बाहेर काढली. तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली.

"गुणे!"

आवाज बाईचा होता, तरण्या बाईचा. गुणाबाईला 'गुणे' म्हणणारं गावात आता कुणीच उरलं नव्हतं. तिचा हात सवयीने तोंडावर गेला. तिने धनराजकडे पाहिलं. हळूहळू तिने तोंडावरचा हात काढला.

"ओ!" ती ओरडली. तेवीस वर्षं घशात अडकलेली ओ होती ती. "ओ, मनकर्णे!"

झाडांत काही हललं नाही. ऊन तसंच होतं, मोहाचा गोड, जड वास तसाच होता. आता काही येणार नाही, असं धनराजला वाटलं, आणि वाटून बरंही वाटलं.

मग दुसरी हाक आली. या वेळी अगदी कुंपणाजवळून.

"धन्या!"

धनराजने कोरी वही ओट्यावर ठेवली आणि तो हाकेकडे निघाला.