एक चष्मा, दोघी वाटेकरी

आमच्या घरात चष्मा एकच. एक दिवस माझा, एक दिवस माझ्या नणंदेचा, तोमासिनाचा. तिच्या दिवशी ती ओसरीत बसून खाडीकडे बघते नि ओरडते, "वहिनी, देवमाशीण पिल्लाला घेऊन आली गं! पाद्री अनसेल्मोची गाढवी टोपी घालून निघालीये!" माझ्या दिवशी तोच चष्मा, तीच खाडी, नि मला दिसतात वाळत घातलेली जाळी. जळून खाक होते मी.

काल सरकारी मुलगी आली. जनगणनेत अपंगत्वाचे नवे प्रश्न येणारेत, ते लोकांना कळतात का हे आधी म्हाताऱ्यांना विचारून बघत होती. त्यातही पहिला मान तोमासिनाला! मी दाराआड कान लावला.

"आजी, चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का?"

"त्रास कसला? काहीच दिसत नाही. दोन पावसाळे झाले."

"मग लावता कशाला?"

"वहिनीला कळलं तर एकटीच बळकावेल ना मेली!"

आज खरं तर पाळी माझी. पण मीच चष्मा पुसून तिच्या नाकावर चढवला. म्हटलं, "वन्सं, बघा बरं, देवमाशीण आली का?"