श्वासाची जागा

"ही बसेल ना गप्प?" दारावरच्या मुलीने तिकीट बघण्याआधी दाओनकडे बघितलं.

"बसेल," यूंजू म्हणाली. तिच्या मागून सासूबाई नुसत्याच हसल्या. बसमध्येच त्यांनी निकाल देऊन टाकला होता, "दाओनची आई, आज शेवटचं. आज पण बाहेर काढलं, तर शाळेत जाईपर्यंत पोरीला घरात ठेवायची. माझ्या तोंडाला काळं लागतंय चारचौघांत."

चार वर्षांच्या दाओनला आजवर एका लग्नातून, एका चित्रप्रदर्शनातून आणि चुलतआजोबांच्या साठीच्या जेवणातून उठवून आणलं होतं. पोरीचा दोष एवढाच, की तिचा आवाज मोठा होता आणि तो ती वापरायची. बऱ्याच चहाकॉफीच्या दुकानांच्या दारावर तर पाटीच असे, लहान मुलांना प्रवेश नाही. यूंजू ती पाटी वाचायची, पोरीचा हात घट्ट धरायची आणि पुढे जायची. घरी मात्र तिला रडू यायचं. जग आपल्या लेकीला नको म्हणतंय, हे तिच्या जिवाला लागायचं.

कोरियातल्या गोछांग गावच्या त्या लहानशा सभागृहात रविवारी दुपारी बे जोम्नेबाई गाणार होत्या. वय चौऱ्याहत्तर. साथीला एक ढोलवाला, हातात एक घडीचा पंखा, आणि दोन तासांची एकटीने गायची कथा. सुरू होण्याआधी सूत्रसंचालकाने लोकांना धडा दिला, "मंडळी, हे गाणं मुक्याने ऐकायचं नसतं. बाई श्वास घेतील तिथे दाद द्यायची. म्हणा बघू, ऑल्शीगू."

लोक लाजत, ओठातल्या ओठात पुटपुटले. दाओन मात्र बेंबीच्या देठापासून ओरडली. सगळे हसले. सासूबाईंनी तिला चिमटा काढला.

"ते नुसतं शिकवत होते," यूंजू तिच्या कानात म्हणाली. "आता तोंड बंद."

दाओनने तोंड बंद केलं. तिसऱ्या रांगेत बूट काढून, मांडी घालून, पापणी न लववता ती बाईंकडे बघत राहिली.

कथा एका म्हाताऱ्या नावाड्याची होती. पुरात पलीकडे अडकलेल्या सुनेला आणायला तो निघतो. बाई गाताना घामाने भिजल्या होत्या. त्या श्वासाला थांबत, ढोलवाला एकटाच "ऑल्शीगू" म्हणे, आणि शंभर माणसं परीक्षेला बसल्यासारखी चिडीचूप. शिकवलेलं सगळ्यांना पाठ होतं, पण आधी तोंड उघडायचं कुणी? चाळीस मिनिटं अशीच गेली. बाईंचा आवाज चिरकायला लागला.

नाव भोवऱ्यात सापडली. दाओन पुढे सरकली. यूंजूला लेकीचा सगळा स्वभाव ठाऊक, तिने चटकन पोरीच्या तोंडावर हात ठेवला. पण दाओनने तो दोन्ही हातांनी बाजूला केला.

"ऑल्शीगू!"

अगदी ठोक्यावर. सगळ्या माना वळल्या. दारावरची मुलगी पायऱ्या उतरून येऊ लागली. सासूबाईंनी डोळे मिटले. यूंजूने निमूट बूट उचलले, पिशवी खांद्याला लावली, पोरीला कडेवर घेतलं आणि ती उठली.

पंखा फाटकन मिटला. गाणं थांबलं.

"कुठे निघालात?" जोम्नेबाईंनी विचारलं.

"माफ करा, बाई. लहान आहे. आम्ही जातो."

"ती गेल्यावर मी गाऊ कुणासाठी? खुर्च्यांसाठी? एवढा वेळ माझा नावाडी एकटाच वल्हवतोय. काठावरून पहिल्यांदा कुणीतरी हाक दिली, तर तुम्ही तिलाच घेऊन चाललात." मग त्या दाओनकडे वळल्या. "काय गं, मी श्वास कुठे घेते ते तुला कसं कळलं?"

"तुमच्या झग्याची फीत वर जाते," दाओन म्हणाली.

ढोलवाल्याने खाली आपल्या छातीकडे बघितलं आणि तो मोठ्याने हसला. बाईंनीही आपल्या छातीवरच्या रेशमी गाठीला हात लावून पाहिला. "तीस वर्षं शिकवतेय मी," त्या म्हणाल्या. "हे कुणी सांगितलं नव्हतं. बसा खाली, पोरीची आई की कोण तुम्ही. आणि तो हात आता मांडीवर ठेवा."

दारावरची मुलगी होती तिथूनच परत फिरली. यूंजू बसली.

बाईंनी भोवरा पहिल्यापासून घेतला. दाओनने दाद दिली. मग मागून एका आजोबांनी दिली, मग त्यांच्या शेजारणीने, आणि बघता बघता सगळं सभागृह त्या नावेला ढकलू लागलं. बाईंचा आवाज मोकळा झाला, पंखा वर गेला, नावाडी जणू वीस वर्षांनी लहान झाला.

"आवाज माझ्या माहेरचा आहे," सासूबाई पलीकडच्या अनोळखी बाईला सांगत होत्या.

यूंजूला भरून आलं. आपणही ओरडावं असं तिला वाटलं. गेल्या चार वर्षांत ती कुठेही मोठ्याने बोलली नव्हती. तिने धीर केला आणि "ऑल्शीगू" म्हणाली. चुकीच्या जागी. बाई ऐन शब्दाच्या मध्यावर होत्या.

दाओनने वळून तिच्याकडे बघितलं. रागावून नाही, समजूतदारपणे.

"आई, अजून नाही," ती कुजबुजली, आणि तिने आईच्या गुडघ्यावर आपला इवलासा हात ठेवला. "मी सांगते."

यूंजू श्वास रोखून वाट पाहत राहिली. समोर फीत हळूहळू वर जाऊ लागली, आणि गुडघ्यावर चापट बसली.

"आता."