हत्याराचा विसावा

“आज खंडेनवमी. सर्व्हर बंद ठेव,” संगणक केंद्राचे मालक नाना म्हणाले. सर्व्हर सांभाळणाऱ्या अभिमनने हात जोडले. साऱ्या खानदेशातल्या सोसायट्यांची माहिती त्या एका पेटीत होती. “नाना, जुनी डिस्क आहे. थांबली तर परत फिरायची नाही.” “हत्यारांना विसावा लागतो रे!” नानांनी खटका दाबला, पेटीच्या बाजूवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. रात्रभर अभिमन कूस बदलत राहिला. दसऱ्याला सगळ्यांआधी येऊन त्याने बटण दाबलं. दिवे लागले, डिस्क मात्र फिरेना. देवाची माफी मागून घामेजल्या हाताने पेटीला सणसणीत थप्पड मारली. आत काहीतरी कण्हलं आणि घरघर सुरू झाली. “देखं का? पूजा फळनी!” आत शिरत नानांनी पेढा पुढे केला. अभिमनने डावा हात पसरला. “डावा हातमा परसाद?” नाइलाजाने त्याने उजवा उघडला. तळव्यावर स्वस्तिक उमटलं होतं.