चौथं भोक

काठी कडीपर्यंत पोचेना. मास्तरांनी टाचा उचलल्या, हात ताणला, तरी वरच्या खिडकीची कडी चार बोटं लांबच. काल संध्याकाळी ह्याच काठीने एका झटक्यात लागली होती. एका रात्रीत माणूस खुजा होतो की काय!

काठी लेकीने आणलेली. हलकी, ॲल्युमिनियमची, बटण दाबून लांब-आखूड करायची. डोंगर चढा नाहीतर भाजी आणायला जा, एकच चालते, असं ती सांगून गेली होती. मास्तरांच्या कंबरेला तिची गरज होती, पण मास्तरांच्या नाकाला ती सोसवत नव्हती. त्यामुळे काठी दाराजवळच्या खुंटीला लटकायची आणि खिडकी उघडण्या-लावण्यापुरती खाली उतरायची.

त्यांनी चष्मा चढवला. बटण सातव्या भोकात असायला हवं, ते चौथ्यात होतं. शिलाईचं दुकान बंद करून सहा वर्षं झाली तरी गळ्यातला टेप सुटला नव्हता, तो त्यांनी मुठीपासून खालपर्यंत लावला. तेहतीस इंच. काठी जमिनीपासून मनगटापर्यंत यावी लागते, म्हणजे मनगट तेहतीसवर. घरात माणसं दोन, त्यांतल्या एकाचं, म्हणजे त्यांचं स्वतःचं, माप छत्तीस.

मग त्यांनी काठी उलटी केली. बुडाचं रबर एका बाजूने पार घासलं होतं. खिडकी लावून रबर झिजत नाही.

आता सगळं आठवायला लागलं. आज ते नेहमीपेक्षा लवकर उठून बाहेर आले, तेव्हा बायको दाराशी पाठमोरी उभी होती. दचकली. खुंटीला काहीतरी घाईने अडकवलं आणि "दूध घेऊन येते" म्हणून रिकाम्या हाताने निघून गेली. साडेसातला. घड्याळात सव्वाआठ झाले होते. डेअरी खाली रस्त्यावर, मध्ये शंभर पायऱ्या, आणि रात्री टाकी भरून वाहिल्यामुळे त्या ओल्या.

मास्तर गॅलरीत गेले. आत आले. परत गॅलरीत गेले. येईल, भेटलं असेल कुणीतरी, बायका बोलत बसतात, असं मनाला समजावलं. मन ऐकेना. लेक काठी घेऊन आली त्या दिवशीचं आपलंच बोलणं कानात घुमायला लागलं. "दोघंही काठीवर आलो तर चहा कोण करणार?" सगळे हसले होते. बायको सगळ्यांत जास्त हसली होती.

त्यांनी चपला अडकवल्या आणि काठी घेऊन निघाले. बटण सरकवायलासुद्धा थांबले नाहीत. तेहतीस इंचांवर वाकत, कंबरेला शिव्या देत, एकेक पायरी उतरायला लागले. वरच्याच वळणावर इस्त्रीवाल्याची टपरी. तो वाटच बघत असल्यासारखा म्हणाला, "काय मास्तर, धरली का शेवटी काठी? पण इतकी आखूड?"

एरवी मास्तरांनी त्याला जागच्या जागी उसवला असता. आज मान वर केली नाही.

ती तिसऱ्या वळणावर सापडली. पायरीवर बसलेली, मांडीत दुधाची पिशवी, एक हात गुडघ्यावर. काठी बघितल्यावर तिचा चेहराच उतरला.

"ती कशाला आणलीत? मी आपली जरा टेकले होते." आणि खरंच काही नाही हे दाखवायला ती चटकन उठली. गुडघ्याने दगा दिला. मास्तरांनी एका हाताने कठडा धरला, दुसऱ्याने तिला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"रबर झिजलंय."

तिने मांडीतून घसरणारी पिशवी सावरली. मग म्हणाली, "झाले असतील आठ महिने. तुमच्या कंबरेचं ऑपरेशन व्हायचं होतं तेव्हा. त्यात आणखी माझं कुठे काढायचं? आणि मग चहा कोण करणार होतं?"

ती हसत म्हणाली. मास्तरांना हसता येईना. भर उजेडात, सत्तरीच्या माणसाला, स्वतःची लाज वाटली. त्यांनी काठी तिच्या हातात दिली. तिने सवयीने बटण दाबून ती सातव्या भोकावर ओढली आणि परत त्यांच्यापुढे धरली. "तुमची कंबर आधी." त्यांनी ती चौथ्यावर ढकलली. तिने पुन्हा ओढली.

"अहो, मोडेल ती."

"मोडू दे. नाहीतर असं कर, वीस पायऱ्या तू, वीस मी."

तसे ते निघाले. एकाने काठीवर टेकायचं, दुसऱ्याने कठड्यावर. दर वीस पायऱ्यांना थांबायचं, धाप टाकायची, बटण दाबायचं. टक, टक, टक. मोजण्यात दोनदा भांडण झालं.

शेवटच्या वळणावर काठी तिच्याकडे होती. इस्त्रीवाला बाहेर येऊन उभाच होता, शेजारी दोन गिऱ्हाइकं. त्यांना बघताच तिने काठी घाईघाईने मास्तरांच्या हातात कोंबली.

"मास्तर, एकदा काय ते सांगून टाका," तो म्हणाला. "काठी नक्की कुणाची?"

मास्तरांनी आधी श्वास जुळवला. बटण चौथ्या भोकात नीट बसलंय ना ते अंगठ्याने चाचपलं आणि काठी तिच्या मुठीत परत दिली.

"हिची आहे. माझी उद्या आणायचीय. आणि आत्ता चहा मी करणार आहे, छाती असेल तर ये प्यायला."