भीतीची चिठ्ठी

शाळेच्या गणवेशांचा हंगाम सरला, तसा सोलापुरातल्या शिलाई कारखान्याच्या मालकांनी हुकूम सोडला: सोमवारी परीक्षा, जिची कॉलर वाकडी येईल ती घरी. वर बायांचं मन घट्ट व्हावं म्हणून कबड्डीपटूंना धीर शिकवणारे एक सर आणले. "मोठे खेळाडू आपली भीती कागदावर उतरवतात, मग ती पळते," असं सांगून सरांनी नावानिशी चिठ्ठ्या घेतल्या.

"खरं लिवू नगं, मुक्ते," शेजारच्या मशीनवरची अंबूबाई कुजबुजली.

"अगं, सर लई भला मानूस हाय की!" म्हणत मुक्ताबाईनं लिहिलं, 'मालक पाठीशी उभे राहिले की हात थरथरतो.' लिहिल्यावर तिला खरंच हलकं वाटलं.

सोमवारी मालक स्वतः खुर्ची उचलून आले आणि तिच्या पाठीमागे बसत म्हणाले, "हं मावशी, करा सुरू."